करंट परत जातो कुठून?

कल्याणहून दुर्गाडीचा पूल ओलांडला की कोन लागतं. भिवंडीच्या गोदामांकडे जाणाऱ्या ट्रक-टेम्पोंची या रस्त्यावर सतत रांग. त्यांच्याच जिवावर पंक्चरवाले, वेल्डिंगवाले आणि वायरिंगवाले इथे तग धरून आहेत. वायरिंगवाल्याकडे येणारा ड्रायव्हर निदान स्वतःच करून आलेला असतो.

“दादा, डावी लाईट मंद मारते. बल्ब नवा टाकला, तरी तेच.”

गाडी टाटा ४०७, रंग ताजा. पासिंगसाठी नुकताच मारलेला. मिस्त्रीने बॉनेटला हात लावला नाही. ड्रायव्हरला डिपर लावायला सांगितलं आणि स्वतः खिडकीतून डॅशबोर्डवर वाकला. अप्परचा निळा दिवा अगदी अंधुक पेटला होता.

“डिपरवर आहे ना? मग हा कशाला जळतोय?”

माझ्या मते काम तिथेच अर्धं झालं होतं. हेडलाईटच्या एच-फोर बल्बमध्ये दोन फिलामेंट आणि तीन पिना असतात. एक पिन डिपरची, एक अप्परची, तिसरी दोघांची सामाईक अर्थ. ती अर्थ तुटली की डिपरमधून आलेल्या करंटला बॉडीत उतरता येत नाही. मग तो त्याच बल्बच्या अप्पर फिलामेंटमधून उलटा अप्परच्या तारेत शिरतो आणि पलीकडच्या लाईटच्या अप्परमधून अर्थ गाठतो. बारा व्होल्ट तीन फिलामेंटमध्ये वाटले जातात, प्रत्येकाच्या वाट्याला चारेक व्होल्ट. त्यात तार लालसर होते, उजेड पडत नाही. निळा दिवा त्याच अप्परच्या तारेवर असल्यामुळे तोही चोरून पेटतो.

मग मीटर निघाला. काळं टोक बॅटरीच्या मायनसवर, लाल टोक डाव्या होल्डरच्या अर्थवर, बल्ब जागेवर आणि लाईट चालूच. तिथे जवळजवळ शून्य दिसायला हवं. काटा आठच्या आसपास गेला. लाईट चालू ठेवणं महत्त्वाचं. मीटर स्वतः करंट जवळपास ओढतच नाही, त्यामुळे तारेतला एकच धागा शाबूत असला तरी तो बिनधास्त बारा व्होल्ट दाखवतो. म्हणून मिस्त्रीकडे इंडिकेटरच्या बल्बला दोन तारा जोडून केलेला टेस्टरही असतो. बल्ब करंट मागतो, आणि मागितल्यावर तार खरी किती पाण्यात आहे ते कळतं.

अर्थची तार पकडून तो मागे गेला. तारेच्या टोकाचा लग बोल्टखाली घट्ट होता, पण पेंटरने बोल्ट काढून खालचा पत्रा रंगवला आणि वरून परत कसला होता. लग आणि पत्रा यांच्यामध्ये चकचकीत रंगाचा थर. पॉलिश पेपरने पत्रा पांढरा होईपर्यंत घासला, दातेरी वॉशर टाकला, वरून ग्रीस. निळा दिवा विझला, डावी लाईट लख्ख.

चहा घेताना मी त्याला जुन्या स्पोर्ट्स कारच्या उघडणाऱ्या-मिटणाऱ्या हेडलाईटबद्दल विचारलं. १९३६च्या अमेरिकन कॉर्डमध्ये त्या हँडल फिरवून वर काढाव्या लागत. १९८९ मध्ये आलेल्या माझदा मियाटात दोन्ही बाजूंना स्वतंत्र मोटार होती. अर्ध्या फेरीत लाईट वर, पुढच्या अर्ध्या फेरीत खाली. २००४ मध्ये कॉर्व्हेट आणि लोटस एस्प्रीबरोबर ही चैन संपली. अशी एकच लाईट मिटलेली राहिली तर? कोनच्या रस्त्यावर ती गाडी येण्याची शक्यता शून्य, तरी त्याने प्रश्न नेमका विचारला: “मोटार आवाज करते का?”

आवाज आहे आणि लाईट उठत नाही, तर दोष दात्यांत किंवा दांड्यांत. आवाजच नाही, तर फ्यूज, रिले आणि पुन्हा अर्थ. लाईट थांबतच नसेल, सारखी वर-खाली होत असेल, तर मोटारीला कुठे थांबायचं ते सांगणारे आतले कॉन्टॅक्ट झिजलेत. मियाटाच्या मोटारीवर हाताने फिरवायची एक गुंडीही आहे, रात्री घरी पोचण्यापुरती. हे ऐकून तो खूश झाला.

तोवर ड्रायव्हर पैसे काढत होता. मिस्त्रीने उजवा होल्डर उपसून त्याच्यापुढे धरला. प्लास्टिक तपकिरी, एका पिनेपाशी वितळलेलं. आत बल्ब १००/९० वॅटचा. साठ वॅटला पाच अँपिअर लागतात, शंभरला आठच्या वर; जुनी तार आणि स्विच ते सोसत नाहीत.

“६०/५५चा टाक.”

“कसारा घाट रात्री चढतो मी, दादा. त्यात दिसत नाही.”

“मग रिले लावून घे. बॅटरीवरून सरळ जाडी तार ओढतो.”

“किती होतील?”

मिस्त्रीने आकडा सांगितला. ड्रायव्हर पुढच्या खेपेला बघू म्हणाला.