पाण्याची काटकसर करणारा निळा साल्व्हिया

तुळशीची मंजिरी आपणा सर्वांच्या परिचयाची आहे. तशाच उभ्या तुऱ्यावर निळी-जांभळी फुले दाटीने लागली आहेत अशी कल्पना करा, म्हणजे निळा साल्व्हिया डोळ्यांसमोर येईल. हा तुळशीच्याच कुळातला. चौकोनी खोड, समोरासमोर पाने आणि दोन ओठांची फुले ही या कुळाची ओळख. याचे शास्त्रीय नाव साल्व्हिया फॅरिनेशिया. लॅटिनमध्ये ‘फरिना’ म्हणजे पीठ. याच्या तुऱ्यांवर व कळ्यांवर पीठ भुरभुरल्यासारखी पांढरी लव असते. मूळचा हा टेक्सास व मेक्सिकोकडचा. कडक थंडीच्या देशांत तो एकाच हंगामापुरता लावतात. आपल्याकडे जपला तर काही वर्षे टिकतो.

पिंपरी-चिंचवडकरांना पाण्याची काटकसर नवी नाही. लोणावळ्याला वर्षाकाठी सरासरी ४,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तेथून पूर्वेला सरकावे तसा तो झपाट्याने घटतो आणि पुण्याला जेमतेम ७०० मिलिमीटरच्या घरात येतो. पवना धरणावर विसंबलेल्या पिंपरी-चिंचवडमध्ये नोव्हेंबर २०१९ पासून दिवसाआड पाणीपुरवठा सुरू झाला. अशा गावात बागेसाठी झाड निवडताना ते किती पाणी पिते हे पाहिलेच पाहिजे.

झाडाने शोषलेल्या पाण्यापैकी बहुतेक पाणी पानांवरील सूक्ष्म पर्णरंध्रांतून वाफ होऊन निघून जाते. यालाच बाष्पोत्सर्जन म्हणतात. एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता लागते. ती पानातूनच घेतली जाते व पान थंड राहते. मग साल्व्हिया बचत कशी करतो? वाळत घातलेले कपडे वाऱ्यात लवकर वाळतात, कारण वारा त्यांच्यालगतची दमट हवा उडवून नेतो. झाडाच्या अंगावरील बारीक लव नेमके याच्या उलट काम करते. ती हवेचा पातळ थर जागीच धरून ठेवते, त्यामुळे वाफ सावकाश बाहेर पडते. शिवाय पाने अरुंद असतात आणि पाणी कमी पडले की पर्णरंध्रे मिटू लागतात.

आता एक कोडे. उन्हाळा सोसणारे हे झाड पावसाळ्यात का मरते? उत्तर मातीत आहे. मुळांनाही श्वसनासाठी ऑक्सिजन लागतो. हवेच्या मानाने पाण्यात ऑक्सिजनचे विसरण सुमारे दहा हजार पटींनी मंद होते. काळ्या चिकण मातीचे कण ०.००२ मिलिमीटरहूनही लहान असतात. त्यांच्यामधील पोकळ्या इतक्या अरुंद, की केशाकर्षणाने त्यांत पाणी अडकून बसते. मुळे गुदमरतात आणि मग कुजतात.

म्हणून कुंडीत दोन भाग माती, एक भाग बारीक मुरूम किंवा जाड वाळू आणि एक भाग कुजलेले शेणखत घालावे. तळाचे भोक मोकळे ठेवावे. पाऊस ओसरल्यावर, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये बी पेरावे. चार-सहा पाने आली की रोपे एकेक फुटावर लावावीत. पहिला महिनाभर नियमित पाणी द्यावे, कारण मुळे खोल गेल्याशिवाय कोणतेच रोप अवर्षण सोसत नाही. पुढे बोटभर खोलीपर्यंत माती कोरडी झाली तरच भरपूर पाणी द्यावे. बहर संपल्यावर तुरे छाटले की नवे फुटवे येतात. पावसाळ्यात कुंडी छज्जाखाली, पण उजेडात ठेवावी.

विद्यार्थी मित्रांनो, ही काटकसर खरी की खोटी हे स्वतः तपासा. एका कुंडीत साल्व्हिया व दुसऱ्या सारख्याच कुंडीत तेरडा घ्या. दोन्हींना पाणी देऊन ते निथळू द्या. मग प्लॅस्टिकच्या कागदाने कुंडी व माती झाकून कागद खोडाभोवती बांधा, म्हणजे पाणी फक्त झाडातूनच जाईल. रोज ठरावीक वेळी दोन्हींचे वजन करा. चार दिवसांनी पाने आलेख कागदावर आखून, चौकटी मोजून एकूण क्षेत्रफळ काढा. घटलेल्या वजनाला क्षेत्रफळाने भागले, की दर चौरस सेंटिमीटर पानामागे किती पाणी गेले ते कळेल. हे भागाकार न करता नुसत्या वजनांची तुलना केली तर निष्कर्ष का फसेल, याचाही विचार करा.