हैदराबादेतले मराठी घर

मराठी कुटुंबे हैदराबादेत का आली? निजामाच्या राज्यात औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद हे पाच मराठी जिल्हे होते. नोकरी, वकिली आणि शिक्षणासाठी तिथली कुटुंबे राजधानीत आली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा हैदराबाद राज्यातून वेगळा झाला. अनेक घरे मात्र इथेच राहिली.

वस्ती : सुलतान बाजार, काचीगुडा, बरकतपुरा, नारायणगुडा.

शाळा : सरकारी कारभार उर्दूत चालत असताना, १९०७ मध्ये विवेक वर्धिनी ही मराठी शाळा उभी राहिली. केशवराव कोरटकर आणि वामनराव नाईक यांच्या पिढीचे हे मोठे काम.

पुस्तके : इसामिया बाजारातले मराठी ग्रंथसंग्रहालय आणि मराठी साहित्य परिषदेचे ‘पंचधारा’ हे नियतकालिक. १९३१ चे मराठी साहित्य संमेलन हैदराबादेत भरले. अध्यक्ष होते ज्ञानकोशकार श्री. व्यं. केतकर.

सण : गुढीपाडवा आणि तेलुगू उगादी एकाच दिवशी. आपल्याकडे कडुलिंब-गूळ, शेजारच्या तेलुगू घरी षड्‌रसांची उगादी पच्चडी. नवरात्रात इकडे भोंडला, तिकडे बतुकम्मा. दोन्हीकडे बायका फेर धरतात.

बोली : घरात मराठी, बाजारात दखनी, शेजाऱ्यांशी तेलुगू.

गावाकडे : काचीगुड्याहून अजिंठा एक्स्प्रेस नांदेड, परभणी, जालन्याला नेते.

आजची गरज : बोलणे घरात आपोआप टिकते, वाचन मुद्दाम टिकवावे लागते. मुलांना मराठी वाचायला शिकवणे हे इथल्या प्रत्येक घराचे पहिले काम आहे.