मांडी कीं आसन ?

मोटारींतून प्रवासाचा बेत ठरला, कीं घरांतील लहान मुलाची जागाहि ठरलेली असते : आजीची मांडी ! मायेच्या दृष्टीनें तिच्यासारखी जागा नाहीं. परंतु मोटारींत ती धोक्याची आहे. ताशीं ५० किलोमीटर वेगानें चाललेली मोटार एकाएकीं आदळली, तर मांडीवरील मूल त्याच वेगानें पुढें फेंकलें जातें. तो आघात सुमारें १० मीटर उंचीवरून, म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून पडण्याइतका असतो. त्या क्षणीं २० किलो वजनाचें मूल धरून ठेवण्याचें बळ कोणाच्याहि हातांत नसतें.

"मग मोटारींतील पट्टाच बांधूं या," असें कोणी म्हणेल. परंतु तो पट्टा प्रौढांच्या देहमानास अनुसरून केलेला असतो. लहान मुलाच्या तो गळ्यावर व पोटावर येतो, आणि अपघातांत त्यानेंच पोटांतील नाजुक अवयवांना इजा पोंचते. बूस्टर आसन मुलाला उंच बसवितें. त्यामुळें पट्टा खांद्याच्या मध्यावरून व कमरेच्या हाडांवरून जातो.

आसन निवडतांना वयापेक्षां उंची पाहावी. संयुक्त राष्ट्रांच्या 'आर १२९' या मानकाप्रमाणें पाठीचें बूस्टर आसन १०० सेंटिमीटर उंचीपासून व बिनपाठीचें १२५ सेंटिमीटरपासून चालतें. त्याहून लहान मुलास स्वतःचे पट्टे असलेलें निराळें आसन हवें. पाठीचेंच आसन श्रेयस्कर. झोंपलेल्या मुलाच्या डोक्यास त्यांत कडेनें आधार मिळतो. खरेदीपूर्वीं आपल्याच मोटारींत मूल बसवून पट्टा कसा येतो तें पाहावें. अपघातांत सांपडलेलें जुनें आसन कधींहि घेऊं नये.

२०१९ च्या मोटार वाहन सुधारणा कायद्यानें १४ वर्षांखालील मूल सुरक्षापट्टा वा बालआसनाशिवाय नेल्यास १००० रुपये दंड ठरविला आहे. परंतु खरें कठीण काम घरांतील वडीलधाऱ्यांची समजूत घालण्याचें. "आमचीं मुलें नाहीं का मांडीवरच वाढलीं ?" असें त्या विचारतील. त्यांना आदरानें सांगावें, कीं वेग दुप्पट झाला तर आघात चौपट होतो, आणि आजचे रस्ते वेगाचे आहेत. आजींनीं मागच्या बैठकीवर, स्वतः पट्टा बांधून, नातवाच्या शेजारीं बसावें, गोष्टी सांगाव्यात. मांडी मुक्कामाला पोंचल्यावर आहेच.