दाबातून उतरणारी भुकटी

पोटात गेलेली गोळी लागू पडायची तर औषध आधी विरघळावे लागते. अनेक औषधे पाण्याला दादच देत नाहीत. कण बारीक केले की पृष्ठभाग वाढतो आणि औषध लवकर विरघळते. पण दळताना होणाऱ्या उष्णतेने नि घर्षणाने नाजूक स्फटिक बिघडू शकतात. म्हणून दळण्याऐवजी कण मुळातच बारीक घडवायचे, हा सुपरक्रिटिकल तंत्राचा मार्ग.

यातले मुख्य पात्र साधा कार्बन डायऑक्साइड. 31 अंश सेल्सिअस आणि सुमारे 74 बार दाब यांपलीकडे त्याच्यात द्रव आणि वायू हा भेद उरत नाही. तो द्रवासारखा विरघळवतो आणि वायूसारखा सहज शिरतो. या सुपरक्रिटिकल अवस्थेचा सुगावा 1822 मध्ये फ्रान्सच्या कान्यार द ला तूर यांना लागला. बंद तोफनळीत द्रव आणि गारगोटीचा गोळा घालून ती तापवली, तर ठरावीक तापमानापुढे द्रवाचा खळखळाट थांबे. 1879 मध्ये हॅने आणि होगार्थ या संशोधकांना दिसले की अशा वायूत घन पदार्थ विरघळतो आणि दाब एकदम घटवला की बर्फासारखा खाली पडतो.

आजच्या तंत्राची पहिली तऱ्हा नेमकी हीच: औषध वायूत विरघळवायचे आणि बारीक नॉझलमधून झटक्यात सोडायचे. अडचण एकच, फार थोडी औषधे कार्बन डायऑक्साइडमध्ये विरघळतात.

दुसऱ्या तऱ्हेने या दोषाचाच फायदा करून घेतला. औषध सेंद्रिय द्रावकात विरघळवून दाबाखालच्या वायूत फवारतात. वायू द्रावक ओढून घेतो, औषध निराधार होते आणि गाळणीवर भुकटी जमते.

अमेरिकेतील कॅन्सस विद्यापीठात बाला सुब्रमण्यम यांच्या संशोधनातून उभ्या राहिलेल्या क्रिटिटेक कंपनीने याच तत्त्वावर पॅक्लिटॅक्सेल या कर्करोगावरील औषधाचे मायक्रोनहून लहान कण बनवले. नेहमीच्या इंजेक्शनात ते विरघळवायला एरंडेलापासून बनवलेला क्रेमोफोर वापरतात आणि त्याची काही रुग्णांना तीव्र ॲलर्जी होते. कण पाण्यात तरंगते ठेवले, तर क्रेमोफोर लागत नाही.

मात्र बारीक कण एकमेकांना चिकटून गुठळ्या करतात आणि बारीक नॉझल तुंबते. जाड पोलादी पात्रे व उच्च दाबाचे पंप महाग पडतात. त्यामुळे सहज विरघळणाऱ्या स्वस्त गोळीसाठी हा खटाटोप परवडणारा नाही. उष्णता न सोसणाऱ्या, पाण्याशी फटकून वागणाऱ्या मोलाच्या औषधांसाठीच तो खर्च सार्थकी लागतो.