फरशीखालचा पैसा

मुलुंड, डोंबिवली, कोथरूड. इथल्या तीस-पस्तीस वर्षं जुन्या, चार मजली, बिनलिफ्टच्या सोसायट्यांत हल्ली दोन आवाज एकाच वेळी कानावर येतात. एक, कुणाच्या तरी घरात फरशी फोडणाऱ्या ब्रेकरचा. दुसरा, खाली पार्किंगमध्ये रंगलेल्या पुनर्विकासाच्या चर्चेचा. गंमत म्हणजे कधी कधी ब्रेकर ज्यांच्या घरात चालू असतो, तेच गृहस्थ खाली खुर्ची टाकून सर्वांत पुढे बसलेले असतात.

नूतनीकरणातला मोठा पैसा बुडतो तो इथे. सोसायटीला पुनर्विकासाला जायचं तर पूर्वी ७५ टक्के सभासदांची संमती लागे. राज्य सरकारच्या ४ जुलै २०१९ च्या निर्णयाने ही अट ५१ टक्क्यांवर आणली. वीस सभासदांच्या इमारतीत अकरा जण तयार झाले की गाडी पुढे सरकते. नवं घर किती मोठं मिळणार हे जुन्या घराच्या कार्पेट एरियावर ठरतं. इटालियन मार्बल, फॉल्स सिलिंग, हौसेने केलेलं मॉड्युलर किचन यांची त्या हिशेबात किंमत शून्य. घर विकायला काढलं तरी फार वेगळं घडत नाही. मुद्रांक शुल्कासाठी जो रेडी रेकनर धरतात, त्यात भाग आणि इमारतीचं वय बघतात, आतल्या वॉर्डरोबचं लाकूड नव्हे. आणि घेणारा तुमच्या आवडीच्या जांभळ्या भिंतीचे जादा पैसे देईल, ही आशा न धरलेलीच बरी.

म्हणून कॅटलॉग चाळण्याआधी सोसायटीच्या कार्यालयात जाऊन यावं. आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षं वयाच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुनीचं दर तीन वर्षांनी व्हायला हवं. तो अहवाल मागून वाचावा. इमारत चार-पाच वर्षांत पुनर्विकासासाठी पाडली जाणार असेल तर रंग, नळ आणि पंखे यांवर भागवावं. दहा-पंधरा वर्षं राहायचं असेल तर मात्र फोडायला हरकत नाही. आणि फोडायचंच, तर सुरुवात दिवाणखान्यापासून करू नये. न्हाणीघरापासून करावी.

जुन्या बांधणीत न्हाणीघराचा स्लॅब बाकीच्या घरापेक्षा फूटभर खाली घेतलेला असतो. त्या खळग्यात सांडपाण्याचे पाइप, त्यांवर विटांच्या तुकड्यांचा भर, मग कोबा आणि सगळ्यांत वर फरशी. फरशीच्या सांध्यांतलं सिमेंट झिजलं की पाणी खाली मुरू लागतं आणि खळग्यात साचून राहतं. वरच्या घरात सगळं कोरडं, चकचकीत. खालच्या घराच्या छतावर मात्र आधी पिवळा डाग, मग पोपडे, मग एक दिवस गिलाव्याचा तुकडा ताटाशेजारी. आतली सळई गंजते, गंजली की फुगते आणि भोवतीचं काँक्रीट फोडून बाहेर येते. या अवस्थेत वरची फरशी बदलून काहीही साधत नाही, आणि तरी बहुतेक जण तेवढंच करतात, कारण दिसतं तेवढंच.

नीट काम म्हणजे खळगा रिकामा करून स्लॅबपर्यंत जाणं. पाइप नवे टाकायचे, भिंत आणि जमीन मिळतात तिथे गोलसर वाटा करायचा, वॉटरप्रूफिंगचे हात भिंतीवरही चढवायचे. त्यानंतर परीक्षा. सांडपाण्याचं तोंड बुजवून दोन-तीन इंच पाणी भरायचं, भिंतीवर खडूने रेघ ओढायची आणि ४८ तास हात लावायचा नाही. गवंडी घाईत असतो, ‘होतंय की साहेब, गॅरंटी आपली’ म्हणतो. त्याला चहा द्यावा, पण फरशी लावू देऊ नये. रेघेखाली पाणी उतरलं, किंवा खालच्यांच्या छताला ओल आली, तर पुन्हा फोडायचा खर्च अजून वाचलेला आहे. गळती काढण्याचा खर्च कुणाचा, यावरून सोसायट्यांत वर्षानुवर्षं पत्रं फिरतात. उपविधी त्याबाबत सरळ आहेत: गच्चीतून, बाहेरच्या भिंतीतून किंवा बाहेरच्या सामाईक पाइपातून होणारी गळती सोसायटीने काढायची, घरातल्या न्हाणीघराची, संडासाची आणि मोरीची घरमालकाने.

भिंत उघडी आहे तोवर जुने जीआय पाइपही काढून टाकावेत. ते आतून गंजून बारीक होतात आणि आपण मात्र टाकीला दाब नाही म्हणून वॉचमनवर ओरडत राहतो. वायरिंगचं तसंच. ही घरं बांधली तेव्हा एसी आणि इंडक्शन कुणाच्या डोक्यात नव्हतं. एसी आणि गीझरला ४ चौरस मिलिमीटरची स्वतंत्र वायर आणि बोर्डावर ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी, ही खरेदी पाहुण्यांना दाखवता येत नाही. ओल्या हाताने बटण दाबणाऱ्या माणसाचा जीव मात्र ती वाचवते.

आता फरशीचं वजन. जुनी न काढता वर नवी बसवणं सोयीचं वाटतं. धूळ कमी, वेळ कमी. पण १० मिलिमीटरची टाइल आणि खाली दीड इंच माल धरला तर चौरस मीटरला साधारण १०० किलो होतात. ६०० चौरस फुटांच्या घरात हे साडेपाच टन. माणसं, कपाटं, पलंग मिळून राहत्या घराच्या स्लॅबवर डिझाइनमध्ये जो भार धरतात, तो चौरस मीटरला २०० किलो. थापायचीच असेल तर पातळ ॲडेसिव्हवर थापावी. नाहीतर जुनी काढावी.

खांब, तुळई आणि भार घेणारी भिंत यांना तर हातच लावायचा नाही. २५ जुलै २०१७ ला घाटकोपरच्या दामोदर पार्क भागातली चार मजली इमारत कोसळून १७ जण गेले. तळमजल्यावर नूतनीकरणाचं काम सुरू होतं आणि त्यात खांबांना धक्का लावल्याचा आरोप झाला. ‘हॉल थोडा मोठा दिसेल’ म्हणून स्वयंपाकघराची भिंत पाडण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनीअरची लेखी परवानगी घ्यावी. ठेकेदाराचा अंदाज पुरत नाही.

झटपट फिटणारा खर्च हवा असेल तर तो छताला लटकतो. जुना पंखा ७५ वॉट खातो, बीएलडीसी पंखा ३० ते ३५. रोज बारा तास फिरला तर वर्षाला पावणेदोनशे युनिट वाचतात. युनिटला १० रुपये धरले तर पंख्याची किंमत दोन वर्षांत वसूल. ज्यांचं स्वतःचं छप्पर आहे, अशा रो-हाउस आणि बंगलेवाल्यांना २०२४ पासूनच्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत ३ किलोवॉटच्या सौर यंत्रणेवर ७८ हजारांचं अनुदान आहे. फ्लॅटवाल्यांनी वैयक्तिक हौस सोडून सोसायटीच्या सामाईक पंपासाठी अर्ज करावा. तिथे किलोवॉटला १८ हजार मिळतात.

बिलं फेकू नयेत. घर पुढे विकलं तर भांडवली नफा काढताना सुधारणेचा खर्च मूळ किमतीत मिळवता येतो; नेहमीची डागडुजी आणि रंगरंगोटी त्यात बसत नाही. रोखीने, बिनपावतीने केलेल्या कामात वाचवलेला जीएसटी तेव्हा महागात पडतो.

भिंती बुजवण्याआधी पाइप आणि वायरी कुठून गेल्या, त्यांचे टेप धरून फोटो काढावेत. आणि ब्रेकर सुरू होण्याच्या आदल्या दिवशी खालच्या मजल्यावर जाऊन, त्या मंडळींना सोबत घेऊन, त्यांच्या छताचेही.