टर्बो इंजिनावरील सेन्सर : तपासणी, बदल आणि ट्यूनिंग करताना घ्यावयाची दक्षता

शेतमाल बाजारात नेण्यासाठी अनेक शेतकरी बंधूंकडे स्वतःची पिकअप किंवा जीप आली आहे. या गाड्यांचे डिझेल इंजिन बहुधा टर्बोचार्जर बसविलेले आणि संगणकावर चालणारे असते. गाडी घाट चढताना दम खाऊ लागली, की ‘चिप बसवा, ताकद वाढेल’ असा सल्ला गॅरेजमध्ये मिळतो. काही उत्साही तरुण सेन्सर बदलण्याचे आणि ट्यूनिंगचे काम घरीच करतात. हे काम समजून न केल्यास काही हजारांच्या खर्चातून इंजिन उतरविण्याची पाळी येते आणि ऐन हंगामात माल शेतात पडून राहतो. म्हणून या सेन्सरचे काम कसे चालते, घरी काय करता येते आणि काय टाळावे, याची माहिती येथे दिली आहे.

टर्बोचे काम

इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम धुराच्या जोरावर टर्बोचे एक चाक फिरते. त्याच दांड्यावरील दुसरे चाक बाहेरची हवा दाबून इंजिनात भरते. लहान टर्बोचा वेग मिनिटाला 1 लाख फेऱ्यांच्याही वर जातो. दाबल्यामुळे हवा तापते, म्हणून ती इंटरकूलरमधून थंड करून आत सोडतात. बाहेरच्या हवेचा दाब सुमारे 1 बार असतो. टर्बोने आणखी 1 बार दाब दिला, तर इंजिनाला एकूण 2 बार दाबाची हवा मिळते. हवा जास्त मिळाली तरच जास्तीचे डिझेल पूर्ण जळते. ताकद वाढते ती या जोडीमुळे, नुसत्या डिझेलमुळे नव्हे.

सेन्सर काय सांगतात

किती डिझेल सोडायचे हे इंजिनाचा संगणक ठरवितो, परंतु त्याला स्वतःला काही दिसत नाही. आत येणाऱ्या हवेचा दाब, तिचे तापमान आणि वजन, कूलंटचे तापमान, डिझेलच्या रेलमधील दाब व इंजिनाचा वेग या गोष्टी त्याला सेन्सर कळवितात. दाबाच्या सेन्सरला बहुधा 5 व्होल्ट पुरवठा असतो आणि तो दाबाप्रमाणे साधारण 0.5 ते 4.5 व्होल्ट परत पाठवितो. कोणत्या व्होल्टेजला किती दाब समजायचा, याचा तक्ता संगणकात भरलेला असतो. सेन्सर आणि तक्ता यांची जोडी जुळलेली असावी लागते.

घरच्या घरी तपासणी

गाडीच्या निदान सॉकेटला जोडावयाचे साधे रीडर बाजारात मिळते. ते आणि एक मल्टिमीटर एवढ्यावर पुढील तपासणी करता येते.

1. चावी चालू करावी, पण इंजिन सुरू करू नये. या वेळी हवेच्या दाबाच्या सेन्सरने तेथील वातावरणाचा दाब दाखवावयास हवा. हा दाब कोकण किनाऱ्यावर सुमारे 1.01 बार, पुण्यात सुमारे 0.95 बार आणि महाबळेश्वरसारख्या उंच ठिकाणी सुमारे 0.86 बार असतो. आकड्यात मोठा फरक आढळल्यास सेन्सर किंवा त्याची वायरिंग तपासावी.

2. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत सकाळी हवेचे आणि कूलंटचे तापमान जवळजवळ सारखे दिसावे. एक 22 अंश आणि दुसरे 45 अंश दाखवीत असेल, तर त्यांपैकी एक खोटे बोलत आहे.

3. तापमानाच्या सेन्सरचा रोध तापमान वाढेल तसा कमी होतो. अनेक सेन्सरमध्ये तो 20 अंश सेल्सिअसला 2 ते 3 हजार ओहम, तर 80 अंशांना 300 ओहमच्या आसपास असतो. कनेक्टर काढून मल्टिमीटरने मोजावा आणि गाडीच्या पुस्तिकेतील आकड्याशी ताडून पाहावा.

4. भार असताना टर्बोचा दाब पाहावयाचा असल्यास रीडर सोबत्याच्या हाती द्यावे. चालविणाऱ्याने आकड्यांकडे पाहू नये.

सेन्सर बदलण्यापूर्वी एअर फिल्टर, टर्बोपासून इंटरकूलरपर्यंतचे होजपाइप आणि त्यांच्या क्लिपा पाहाव्यात. जोडावर ताजे ओलसर ऑइल किंवा चिरलेला रबर दिसल्यास तेथून हवा गळत असण्याचा संभव असतो. अशी गळती हे ताकद कमी होण्याचे नेहमी आढळणारे कारण आहे. दाबाच्या सेन्सरच्या तोंडावर काजळी बसली असल्यास तो काढून इलेक्ट्रॉनिक भागांसाठी मिळणाऱ्या स्प्रेने धुवावा आणि पूर्ण वाळवून बसवावा. तोंडात काडी किंवा सुई घालू नये. हवेचे वजन मोजणाऱ्या सेन्सरमधील नाजूक तारेला बोट लावू नये.

मोठ्या पल्ल्याचा सेन्सर

टर्बोचा दाब वाढविला, की मूळ सेन्सरचा पल्ला अपुरा पडतो. दाब त्यापुढे गेला तरी तो तोच आकडा दाखवीत राहतो. म्हणून मोठ्या पल्ल्याचा सेन्सर बसवितात. हे योग्यच आहे, परंतु संगणकातील तक्ता न बदलता केवळ सेन्सर बदलल्यास काय होते ते उदाहरणाने पाहू.

समजा, जुना सेन्सर 0 बारला 0.5 व्होल्ट आणि 2.5 बारला 4.5 व्होल्ट देतो. नवा सेन्सर 4.5 व्होल्ट देतो तो 3 बारला. प्रत्यक्ष दाब 2 बार असताना जुन्या सेन्सरने 3.7 व्होल्ट दिले असते. नवा सुमारे 3.17 व्होल्टच देईल. संगणक जुन्या तक्त्याप्रमाणे त्याचा अर्थ सुमारे 1.67 बार असा लावील आणि दाब कमी आहे असे समजून टर्बोला आणखी दाब देण्यास सांगेल. त्याला 2 बार दिसेपर्यंत प्रत्यक्ष दाब 2.4 बार झालेला असेल. टर्बोवर ताण येईल. पेट्रोलवर चालणाऱ्या टर्बो गाडीत तर दाखविलेल्या कमी हवेच्या हिशोबाने पेट्रोल कमी पडते, इंजिन ठोके देऊ लागते आणि पिस्टनला इजा पोहोचते. म्हणून नवा सेन्सर आणि त्याचा तक्ता ही दोन्ही कामे एकाच वेळी करावीत.

‘चिप’ आणि खोकी

बाजारातील काही स्वस्त ‘चिप’ म्हणजे हवेच्या तापमानाच्या सेन्सरच्या वायरीत घातलेला साधा रोधक असतो. रोध वाढल्यामुळे तापलेली हवा संगणकाला थंड वाटते व तो इंधनाचा हिशोब चुकीचा करतो. दुसऱ्या प्रकारचे खोके रेलच्या दाबाचा निरोप कमी करून दाखविते. प्रत्यक्ष दाब 1400 बार असताना 1250 दाखविला, तर संगणक 1400 दिसेपर्यंत दाब वाढवितो आणि प्रत्यक्षात तो 1550 च्याही पुढे जातो. डिझेल जास्त पडते, पण हवा तेवढीच राहते. काळा धूर निघतो, धुराचे तापमान वाढते, टर्बो, पिस्टन आणि क्लच यांचे आयुष्य घटते. सायलेन्सरमधील काजळी अडविणारी जाळीही लवकर तुंबते.

ट्यूनिंग करावयाचेच असल्यास मोजमापाची साधने असलेल्या जाणकाराकडून संगणकातील तक्ते बदलून घ्यावेत. मूळ तक्ता जपून ठेवावा. बदलापूर्वीचे आकडे वहीत लिहावेत आणि एका वेळी एकच बदल करावा. डिझेल इंजिनात टर्बोपूर्वीच्या धुराचे तापमान सतत 700 अंश सेल्सिअसच्या वर राहणे धोक्याचे समजावे.

कायदा आणि सुरक्षितता

मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे, नोंदणी दाखल्यातील तपशील उत्पादकाच्या मूळ नोंदीपेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाला करता येत नाही. नियमबाह्य बदलास 2019 च्या दुरुस्तीनुसार प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. वॉरंटी आणि विम्याचा दावाही अडचणीत येतो. 1 एप्रिल 2020 पासून लागू झालेल्या बीएस-6 मानकांच्या गाडीतील धूर शुद्ध करणारे भाग काढून टाकू नयेत.

जुन्या पंपाच्या इंजिनात चालू स्थितीत नोझलची नळी सैल करून बिघाड शोधण्याची पद्धत होती. कॉमन रेल इंजिनात असे कदापि करू नये. तेथील दाब 1600 बार किंवा त्याहून अधिक असू शकतो आणि डिझेलची बारीक धार कातडी भेदून आत शिरते. जखम टाचणीएवढी दिसली तरी ताबडतोब रुग्णालय गाठावे.

गाडीवर वेल्डिंग करण्यापूर्वी बॅटरीची ऋण वायर आणि संगणकाचा कनेक्टर काढावा. कनेक्टरवर जोराचे पाणी मारू नये. भार ओढून आल्यावर इंजिन एक-दोन मिनिटे मंद चालू ठेवून मगच बंद करावे.

1 जानेवारी 2023 पासून 50 अश्वशक्तीवरील नव्या ट्रॅक्टरनाही अधिक कडक धूर मानके लागू झाली आहेत. त्यामुळे अशा ट्रॅक्टरच्या इंजिनावरही संगणक आणि सेन्सर आढळतात. वरील दक्षता त्यांनाही लागू आहे.

थोडक्यात, ताकद कमी वाटल्यास प्रथम फिल्टर, मग होजपाइप, त्यानंतर सेन्सर आणि सर्वांत शेवटी ट्यूनिंग हा क्रम पाळावा. बऱ्याच गाड्यांची हरवलेली ताकद पहिल्या तीन पायऱ्यांतच परत मिळते.