'किवि' आणि 'चेवि' सांगतात भाषांची वंशावळ

सोलापूरच्या शुक्रवार पेठेत मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू अशा चार भाषा कानावर पडतात. कानालाच कन्नडमध्ये 'किवि' म्हणतात, तर तेलुगूत 'चेवि'. हाताला कन्नडमध्ये 'कै', तेलुगूत 'चेयि'. दोन्ही ठिकाणी कन्नड 'क'च्या जागी तेलुगूत 'च' आला आहे. असा नियमित बदल पुन्हा पुन्हा दिसला, की तो योगायोग नसतो. ते शब्द एकाच मूळ शब्दापासून आलेले असतात.

करोनाच्या काळात विषाणूचे नवे प्रकार कोणत्या प्रकारातून फुटले, हे शास्त्रज्ञ जनुकांतील फरकांवरून शोधत होते. भाषांसाठीही हीच पद्धत वापरतात, फक्त जनुकांच्या जागी शब्द असतात. डोळा, पाणी, दगड, दोन अशा रोजच्या अर्थांची यादी करून प्रत्येक भाषेतील शब्द नोंदवतात. कोणते शब्द एका मुळाचे, हे भाषातज्ज्ञ ठरवतात. मग संगणक असंख्य संभाव्य वंशवृक्ष तपासून सर्वांत जुळणारे निवडतो. जुने शिलालेख आणि साहित्य यांच्या ज्ञात तारखांवरून फांद्यांचे वय काढले जाते.

डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेतील विष्णुप्रिया कोलिपाकम आणि त्यांच्या परदेशी सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये २० द्राविडी भाषांचा असा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यानुसार या कुळाचे वय सुमारे ४,५०० वर्षे निघते. मात्र हा अंदाज ३,००० ते ६,५०० वर्षे इतका सैल आहे. गडचिरोलीतील गोंडी पिढ्यान्‌पिढ्या मराठीच्या शेजारी राहिली, पण वंशवृक्षात तिची जवळीक तेलुगूशी आहे.

शेजार आणि नाते यांतला हा फरक ओळखणे हीच या पद्धतीची खरी परीक्षा. मराठीत 'अक्का', 'अण्णा' हे शब्द द्राविडी भाषांतून आले, म्हणून मराठी द्राविडी ठरत नाही. 'दोन' हा शब्द तिला हिंदीच्या 'दो'शी आणि पुढे थेट युरोपीय भाषांशी जोडतो. उसने शब्द वेळीच बाजूला काढले नाहीत, तर वंशवृक्षच चुकतो.

गृहीतके बदलली, की उत्तरही बदलते. मराठी ज्या इंडो-युरोपीय कुळातली, त्याचे वय २००३ च्या अभ्यासात ७,८०० ते ९,८०० वर्षे निघाले होते. २०१५ मध्ये दुसऱ्या गटाने लॅटिन, वैदिक संस्कृत यांना आजच्या भाषांचे थेट पूर्वज मानले, तेव्हा ते सुमारे ६,००० वर्षांवर आले. २०२३ मध्ये १६१ भाषांच्या अभ्यासाने ते पुन्हा ८,१०० च्या आसपास नेले. वाद अजून मिटलेला नाही.

बुलडाणा जिल्ह्यातील निहाली मात्र कोणत्याच वृक्षावर बसत नाही. कोरकू, मराठी आणि द्राविडी भाषांतून तिने भरपूर शब्द घेतले, पण तिचा गाभा वेगळाच आहे. ती बोलणारे आता अगदी थोडे उरले आहेत. शब्द नोंदवण्याआधीच भाषा संपली, तर तिचा इतिहास कोणताही संगणक परत आणू शकत नाही. 'कोणाची भाषा जुनी' या भांडणापेक्षा घरातल्या आजीचे शब्द लिहून ठेवणे म्हणूनच अधिक निकडीचे आहे.